धावून जाणाऱ्यांचा हक्क

(लोअर परळ येथे आरोग्य कर्मचारी व कामगार कार्यकर्ते यांच्या सभेत केलेले भाषण)



आज आपण ज्या भागात जमलो आहोत, त्या भागाने २०१७ साली तीन महिन्यांच्या अंतराने दोन मोठे आघात सोसले. २९ सप्टेंबरला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, एल्फिन्स्टन रोड आणि परळ ही स्थानके जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. २९ डिसेंबरला, मध्यरात्र उलटल्यावर, कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांत आग भडकून १४ माणसे गेली. पुढे चौकशा झाल्या. लष्कराने नवा पूलही बांधून दिला. परंतु पुलावरून माणसे उचलून आणणारे प्रवासी, धुरात शिरणारे अग्निशामक दलाचे जवान, इस्पितळातील परिचारिका, शवागारातील कामगार, यांच्या मनावर त्या दिवसांनी काय कोरून ठेवले, याची नोंद आपण कोणत्या वहीत केली?

हा केवळ भावनेचा प्रश्न नव्हे. प्रेते आणि आक्रोश यांच्याशी वारंवार संबंध येणाऱ्या माणसांपैकी काहींची झोप उडते. तीच दृश्ये पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येतात. मग चिडचिड, दारू, घरातला अबोला आणि कामावरची गैरहजेरी. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हा आघातजन्य विकार आहे. हजेरीपटाच्या दृष्टीने ती नुसती बिनपगारी रजा असते. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत तर कंत्राटच संपते.

गिरणगावाला हे नवीन वाटू नये. कापसाची धूळ छातीत साठून धापा टाकणारे कामगार या भागातील चाळींनी पाहिले आहेत. आज त्या रोगाला, बिसिनोसिसला, व्यवसायजन्य रोगांच्या कायदेशीर यादीत स्थान आहे. म्हणून त्यावर भरपाई मागता येते. त्याच यादीत मनाच्या आघाताला मात्र जागा नाही. फुप्फुसात साठते ती कामाची धूळ आणि मनात साठते तो ज्याचा त्याचा दुबळेपणा, हा न्याय कोणता?

‘पैसा नाही’, हे शासनाचे ठरलेले उत्तर आहे. ते तपासून पाहू. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती निधीची जी विभागणी सुचवली, तीत १० टक्के रक्कम पूर्वतयारी व क्षमतावृद्धीसाठी होती. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आपत्तीतील मनोसामाजिक आधाराविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली ती २००९ सालीच. निधीची कल्पना आहे, तत्त्वेही आहेत. क्षमता म्हणजे केवळ होड्या, शिड्या आणि वॉकीटॉकी, ही समजूत तेवढी बदलायची आहे. शिडी चढणाऱ्याचे मन शाबूत असणे, हीही पूर्वतयारीच आहे.

हे अशक्य आहे असेही नाही. १९८४ च्या भोपाळ वायुकांडानंतर बंगलोरच्या निम्हान्स संस्थेतील तज्ज्ञांनी तेथील दवाखान्यांतल्या साध्या डॉक्टरांना मानसोपचाराचे प्राथमिक शिक्षण दिले. मूठभर तज्ज्ञांवर अवलंबून न राहता मदत वाढवता येते, हे त्यातून दिसले. अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशातही १९७४ च्या कायद्याने आपत्तीनंतरच्या समुपदेशनासाठी सरकारी पैशाची तरतूद झाली. न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांच्या ढिगाऱ्यात राबलेल्यांच्या शरीराच्या व मनाच्या उपचारांसाठी तेथील संसदेने २०१० साली कायदा मंजूर केला. तो सहजासहजी मिळाला नाही. घटनेला नऊ वर्षे लोटली होती, आणि खोकत, धापा टाकत त्या कामगारांना राजधानीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या होत्या.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. पहिली, महापालिका व राज्य यांच्या अंदाजपत्रकांत आपत्ती-मदतकार्य करणाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी स्वतंत्र शीर्ष हवे. अन्य खर्चाच्या पोटात लपवलेली रक्कम नको. दुसरी, कायम कर्मचाऱ्याइतकाच हक्क कंत्राटी सफाई कामगाराला आणि रुग्णवाहिकेच्या चालकाला मिळावा. तिसरी, उपचारासाठी भरपगारी रजा मिळावी आणि त्याची नोंद सेवापुस्तिकेत बढतीच्या आड येऊ नये. ही हमी नसेल तर बांधलेल्या केंद्राकडे कोणी फिरकणार नाही. चौथी, केईएमसारख्या पालिका रुग्णालयांच्या मानसोपचार विभागांना प्रशिक्षणासाठी माणसे व पैसा द्यावा. त्या प्रशिक्षणात स्थानकाबाहेरचा फेरीवाला आणि चाळीतला कार्यकर्ताही असावा, कारण बंबाच्या आधी तोच पोहोचतो.

सरकारने १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालवली आहे. तिचा उपयोग जरूर करावा. तथापि ज्याला बोलायची लाज वाटते, तो दूरध्वनी उचलणार कसा? ती लाज घालवणे हे शासनाच्या तिजोरीचे नव्हे, तुमच्या-माझ्या युनियनचे काम आहे. पाळी संपल्यावर ज्याची नजर हरवलेली दिसते, त्याच्याजवळ बसून चहा मागवा आणि विचारा. येथपासून सुरुवात करू. आणि अंदाजपत्रक मांडले जाण्यापूर्वी या चार मागण्या घेऊन पालिकेच्या दारात उभे राहू.