कष्टांतील आनंद : एका मॉर्मन तरुणाची कथा

मिशनरी म्हटला की आपल्याकडील श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे शाळा, इस्पितळ आणि वर्षानुवर्षे एके ठिकाणी राहिलेला प्रौढ, विद्वान पाद्री उभा राहतो. अमेरिकेतील मॉर्मन पंथाचा मिशनरी या साच्यात बसत नाही. तो बहुधा विशीच्या आगेमागे असलेला तरुण असतो. धर्मशास्त्राची पदवी त्याने घेतलेली नसते. त्याला वेतन नाही. उलट आपल्या किंवा घरच्यांच्या खर्चाने दोन वर्षे परमुलखात राहावयाचे आणि मुदत संपली की घरी परतून पोटापाण्याच्या उद्योगाला लागावयाचे, अशी रीत. मुलूख कोणता, हे पंथाचे वरिष्ठ ठरवितात. सोबतीही तेच नेमून देतात. दारोदार हिंडणे, नकार ऐकणे आणि पुन्हा पुढचे दार ठोठावणे, हा नित्यक्रम. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापन झालेल्या या पंथाच्या मतांशी येथे कर्तव्य नाही, आणि धर्मांतराच्या खटपटीविषयी ज्याचे मत त्याच्यापाशी. जिज्ञासा एवढीच की, असल्या रुक्ष कामात एखाद्या तरुणाला आनंद सापडावा तो कसा?

गॉर्डन हिंक्ली याचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. पुढे १९९५ पासून २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत हा गृहस्थ त्या पंथाचा अध्यक्ष होता; परंतु येथे प्रयोजन आहे ते तेवीस वर्षांच्या हिंक्लीशी. १९१० साली सॉल्ट लेक सिटीत जन्मलेला हा मुलगा १९३२ मध्ये इंग्रजी वाङ्मय घेऊन पदवीधर झाला. वृत्तपत्रव्यवसायाच्या शिक्षणासाठी कोलंबिया विद्यापीठात जावे, असा त्याचा बेत होता. काळ महामंदीचा. अशा वेळी १९३३ मध्ये त्याला इंग्लंडात जाण्याची आज्ञा झाली, आणि इंग्लंड हा तर राहणीच्या दृष्टीने फार खर्चाचा मुलूख! त्याची आई १९३० मध्येच कर्करोगाने वारली होती. तथापि त्या माउलीने वाणसामानाच्या खरेदीतून उरलेली मोड मुलांच्या याच कार्यासाठी शिलकीत टाकून ठेविली होती. ती पुंजी आता उपयोगी पडली. आईच्या हातच्या पैशापैशांवर परदेशी निघालेल्या मुलाच्या मनावर केवढे ओझे असेल, हे मराठी घरांत सांगावयास नको.

जून १९३३ च्या अखेरीस तो लँकेशायरमधील प्रेस्टन या गावी पोहोचला. मॉर्मनांना हे गाव परके नव्हे. याच गावच्या रिबल नदीत ३० जुलै १८३७ रोजी त्यांनी इंग्लंडातले पहिले नऊ बाप्तिस्मे दिले होते. त्या दिवशी पहिला मान कोणाला, म्हणून नदीकाठापर्यंत चक्क धावण्याची शर्यत लागली होती म्हणतात. परंतु शंभर वर्षांपूर्वीचा तो उत्साह १९३३ मध्ये कोठून असणार? लँकेशायर म्हणजे सूतगिरण्यांचा प्रांत, आणि त्या गिरण्यांना उतरती कळा लागलेली. हिंदुस्थानातील मागणी घटली, हे त्याचे एक मोठे कारण होते. गांधीजींनी १९३१ च्या सप्टेंबरात याच प्रांतातील डार्वेन येथे जाऊन गिरणी कामगारांची भेट घेतली होती, हे पुष्कळांना स्मरत असेल. अशा बेकारीने गांजलेल्या गावात एक अनोळखी अमेरिकन पोरगा धर्म सांगावयास आला!

पहिल्याच संध्याकाळी सोबत्याने त्याला बाजारचौकात नेले. दोघांनी भजन म्हटले, लोक जमले, आणि मग नवख्याला बोलावयास उभे केले. त्याची बोबडीच वळली असेल, यात नवल ते काय? त्यातच प्रकृतीने दगा दिला. त्या ऋतूत तेथील गवताला फुलोरा येतो. त्याचे पराग हवेत उडतात आणि कित्येकांच्या डोळ्यांना व नाकाला सारखी धार लागते. हिंक्लीला हा विकार असा जडला की, शरीराची शक्तीच गेली. लोक ऐकत नाहीत, दारे मिटतात, डोळे पुसता पुसता दिवस जातो! अखेर त्याने वडिलांना लिहिले की, आपला वेळ आणि तुमचा पैसा दोन्ही वाया जात आहेत. येथे राहण्यात अर्थ नाही.

वडील ब्रायंट हिंक्ली हे जुने शिक्षक. एका व्यापारी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले. त्यांनी सांत्वन केले नाही, रागही भरला नाही. एवढीच सूचना केली की, मुलाने स्वतःला विसरावे आणि कामाला लागावे. हल्लीच्या पालकांना हे उत्तर कठोर वाटेल. पण मुलाचे दुखणे बापाने अचूक ओळखले होते. योगायोग असा की, जो स्वतःचा जीव जपतो तो त्याला मुकतो, या अर्थाचे ख्रिस्तवचन त्याच सकाळी दोघा सोबत्यांच्या वाचनात आले होते. वॉधम रोडवरील बिऱ्हाडी, आपल्या खोलीत, हातात ते पत्र घेऊन हिंक्ली गुडघे टेकून बसला आणि त्याने ईश्वराला वचन दिले. आपल्या आयुष्यात पुढे जे काही चांगले घडले त्याचा उगम त्या दिवसात आहे, असे तो वृद्धपणीही सांगे.

त्या दिवसाने प्रेस्टनचे गवत फुलावयाचे थांबले नाही की दारे आपोआप उघडली नाहीत. बाप्तिस्मे त्या काळी थोडेच होत. तेव्हा आनंद यशातून आला, असे म्हणता येत नाही. गीता वाचणाऱ्याला येथे निष्काम कर्म आठवेल. परंतु ही तुलना पुरती लागू पडत नाही. हिंक्लीला फळाची इच्छा होती, आणि ती त्याने लपविलीही नाही. सुटली ती स्वतःची सतत चाललेली मोजदाद : आज मला किती त्रास झाला, माझे किती पैसे गेले, लोक मला काय म्हणाले. तीत जाणारी सारी शक्ती मोकळी झाली आणि समोर उभ्या असलेल्या माणसाकडे वळली.

या पालटाची परीक्षा लंडनमध्ये झाली. १९३४ मध्ये त्याला युरोपातील कार्याचे प्रमुख जोसेफ मेरिल यांचा साहाय्यक म्हणून तेथे नेण्यात आले. रविवारी हाइड पार्कात उभे राहून टवाळांच्या प्रश्नांना तोंड देणे, हे तर ठरलेलेच. एकदा मॉर्मनांचा इतिहास म्हणून एक विपर्यस्त पुस्तक निघाल्याचे वृत्तपत्रांतून झळकले. मेरिलसाहेबांनी प्रकाशकाकडे तक्रार नेण्यास याच पोराला धाडले! प्रकाशकाला सवड नाही, असे कचेरीतून उत्तर मिळाले. आपण पाच हजार मैलांवरून आलो आहोत, थांबू, असे सांगून तो बसून राहिला. शेवटी बोलावणे आले. प्रकाशकाने प्रथम तुटकपणे आणि मग लक्ष देऊन ऐकले, आणि विक्रेत्यांकडून प्रती परत मागवून हा इतिहास नव्हे अशी सूचना त्यांत घालण्याचे कबूल केले. पुढे तो प्रकाशक दर नाताळात हिंक्लीला शुभेच्छा पाठवीत असे.

१९३५ मध्ये हिंक्ली घरी परतला. मिशनऱ्यांना छापील साहित्य किती तुटपुंजे मिळते, हे पंथाच्या अध्यक्षमंडळापुढे मांडण्याचे काम मेरिल यांनी त्याजवर सोपविले होते. भेटीला पंधरा मिनिटे मिळाली होती. बोलणे तासाहून अधिक चालले. लागलीच रेडिओ, प्रसिद्धी आणि प्रचारसाहित्य यांसाठी नेमलेल्या नव्या समितीचा चिटणीस म्हणून त्याला घेण्यात आले, आणि हा तरुण नभोवाणीसाठी संहिता लिहू लागला. कोलंबिया विद्यापीठाचा बेत राहिला तो कायमचाच.