दहाव्याच्या आधी जायला हवं होतं

(मावळ तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेले भाषण)



आज भाताच्या भावाचा विषय आहे, पवनेच्या पाण्याचा आहे, भूसंपादनाचा आहे. ते सगळं होईल. त्याआधी थोडा वेळ आम्ही मागून घेतला आहे. विषय ऐकून काही जण चुळबुळ करतील, हे आम्हाला ठाऊक आहे. विषय मनाच्या दुखण्याचा आहे.

आपल्या चळवळीत हा विषय फारसा निघाला नाही. निघाला तेव्हा आम्हीच उडवून लावला. त्याला कारणही होतं. यवतमाळ-अमरावतीकडे शेतकरी जीव देऊ लागले तेव्हा काही शहाणी माणसं म्हणाली, शेतकरी दारू पितो, लग्नात उधळतो, मनानं कच्चा आहे, त्याला समुपदेशन द्या. आम्ही म्हटलं, त्याच्या कापसाला भाव द्या, मग बघा मन कसं उभं राहतं ते. हे आम्ही आजही म्हणतो. घामाचे दाम द्यायचे नाहीत आणि धीराचे दोन शब्द द्यायचे, हा सौदा आम्हाला मान्य नाही. पण एवढं बोलून आम्ही गप्प बसलो, आणि तिथं चुकलो.

पवन मावळातला आमचा एक जुना कार्यकर्ता होता. नाव घेत नाही. त्याची हमरस्त्याच्या कडेची जमीन गेली. पैसा आला. त्याचं घर झालं, गाडी झाली, मुलीचं लग्न झालं, भावकीत दावा लागला आणि चार-पाच वर्षांत पैसा संपला. ज्या खाचरात तो इंद्रायणी लावायचा तिथं बंगल्याची भिंत उभी राहिली. त्याच बंगल्यावर रखवालदाराची नोकरी आहे, घेतोस का, असं त्याला कुणी तरी विचारलं. बैठकीत तो मागं बसू लागला, मग यायचाच थांबला. आम्ही आपसात म्हणालो, फुटला गडी, दुसरीकडं गेला. एक दिवस निरोप आला तो तो गेल्याचाच.

दहाव्याला आम्ही पंधरा जण नदीवर होतो. श्रद्धांजलीची भाषणं झाली, आम्हीही केलं. घरी गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, “दादा, आज पंधरा जण आलात. सहा महिने ते रात्रभर ओट्यावर बसून असायचे. तेव्हा एक जण आला असता तर...” पुढं त्या बोलल्या नाहीत. आम्हालाही बोलता आलं नाही.

मग मदतीचा अर्ज केला. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला सरकार २००६ सालापासून एक लाख रुपये देतं. पण त्यासाठी जमीन लागते, थकलेलं कर्ज लागतं, परतफेडीचा तगादा लागतो. याच्याकडं सातबाराच नव्हता. म्हणजे सरकारच्या हिशेबी तो शेतकरी नव्हताच. मावळाचं दुखणं नेमकं इथं आहे. शंभर वर्षांपूर्वी वळवण-शिरवत्याच्या धरणांपासून जमीन जायला लागली. मग पवना धरण आलं, द्रुतगती मार्ग आला, तळेगावची औद्योगिक वसाहत आली, लोणावळ्याच्या आसपासचे बंगले आले. ज्याची जमीन गेली त्याला रक्कम मिळाली म्हणजे प्रश्न मिटला, असं धरलं जातं. विदर्भातला शेतकरी कर्जानं खचतो हे कागदावर तरी येतं. मावळातला जमिनीवाचून खचतो, ते कुठल्याच रकान्यात बसत नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरला गोळीबार झाला, तीन जीव गेले. आम्ही मोर्चे काढले, चौकशी मागितली. त्या दिवशी रस्त्यावर असलेल्यांना रात्री झोप लागते का, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही.

विचारून काय होणार, असं कुणी म्हणेल. आम्हीही म्हणायचो. म्हणून याचा अभ्यास झालाय का, ते पाहिलं. झालाय, आणि आपल्या शेजारीच झालाय.

गोव्यात सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांतून एक प्रयोग झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. जबर नैराश्य असलेल्या सुमारे पाचशे रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार दिले. दुसऱ्याला त्याशिवाय गावचीच एक व्यक्ती भेटायची. ती डॉक्टर नाही, मानसशास्त्राची पदवी नाही, फक्त या कामाचं शिक्षण दिलेली. सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची. आजार, वेड असले शब्द वापरायचे नाहीत, ताण म्हणायचं. तुम्ही काय काय करायचं सोडून दिलंत, ते विचारायचं. देवळात जाणं सोडलं? गोठ्यात जाणं सोडलं? त्यातलं एक छोटं काम या आठवड्यात पुन्हा धरायचं आणि पुढच्या भेटीत त्याबद्दल बोलायचं. एवढंच. तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारांच्या गटातले शंभरातले ३९ सावरले होते, भेटी झालेल्या गटातले ६४. दारूवरही असाच प्रयोग झाला. तिथं फरक कमी पडला, २६ ला ३६. दारू सोपी नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन बोलायचं, गरज पडेल त्याला समुपदेशकाकडं, डॉक्टरकडं न्यायचं. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले चार जण कुणाची तरी मदत घेत होते, दीड वर्षानंतर सत्तावीस घेऊ लागले. बाजूच्या गावांशी तुलना त्यात नव्हती, म्हणून सगळं श्रेय प्रकल्पाला देता येणार नाही. पण शेतकरी मनाचं बोलत नाही, हा आमचा समज मात्र त्यानं खोटा ठरवला. आफ्रिकेत झिंबाब्वेच्या हरारे शहरात तर दवाखान्याबाहेर बाकावर बसून आज्या हे काम करतात, आणि त्याचाही गुण तपासून पाहिलेला आहे.

आपल्याकडं हे काम कुणाच्या हातात आहे? मनोरुग्णालयं राज्यात चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. आंदर मावळातून येरवड्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, आणि गावभर नाव होतं ते वेगळंच. माणूस जातो तो जवळच्या दवाखान्यात. तिथं तो मन दुखतंय असं म्हणत नाही. झोप नाही, छातीत धडधडतं, अन्नावरची वासना गेली, अंगात त्राण नाही, असं म्हणतो. त्याला सलाइन लावतात, ताकदीची गोळी देतात. त्याच्याशी दोन वाक्यं बोलायला वेळ मिळाला तर तो नर्सबाईंना मिळतो, आशाताईंना मिळतो. गेल्या दोन आठवड्यांत कशातच गोडी वाटत नाही असं किती दिवस झालं, उदास वाटतं का, जगणं नको वाटतं का, हे विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. शेवटचा प्रश्न विचारला म्हणून माणसाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. आम्हाला तीच भीती होती, ती खरी नाही. पण लसीकरण, बाळंतपण, सर्वेक्षण आणि वर तुटपुंजा मोबदला, यात आशाताईंनी अर्धा तास कुठून काढायचा? तेव्हा समुपदेशनाचं काम सांगायचं तर त्याचा वेगळा मोबदला आणि शिक्षण द्या, ही मागणी भाताच्या भावासोबत आपल्या निवेदनात गेली पाहिजे.

पोलिसांच्या भीतीनं लोक दवाखान्यात नेत नाहीत, म्हणून कायद्याचंही सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं ठरवलं आणि त्याची काळजी घेणं सरकारवर टाकलं. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, तिच्यात जुनं ३०९ कलम नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र अजून गुन्हाच आहे. तो कुणाला डोळ्यापुढं ठेवून ठेवला, ते तुम्हीच ओळखा.

आपल्याकडं लावणीला सावड करतात. ज्याची माणसं कमी त्याच्या खाचरात आधी उतरतात, बोलावणं यायची वाट बघत नाहीत. तसंच करायचं आहे. बैठकीला यायचा थांबलेला, जमीन विकून बसलेला, सारखा एकटा दिसणारा माणूस प्रत्येक गावानं आठवायचा आणि दोघांनी त्याच्या घरी जायचं. उपदेश करायचा नाही, हिशेब काढायचा नाही. बसायचं, ऐकायचं. जगणं नको असं तो बोलला तर त्याला एकटं सोडायचं नाही, फवारणीची औषधं घरातून हलवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. लिहून घ्या.

कोणत्या गावातून कोण गेलं, हे पुढच्या बैठकीत विचारणार आहोत. नाणे मावळ आणि आंदर मावळची नावं आज ठरवा. पवन मावळ आम्ही घेतला आहे. सुरुवात त्या वहिनींच्या घरापासून करणार आहोत, तिथं दहाव्यानंतर आमच्यापैकी कुणी गेलेलं नाही.