सहलींतील शिरगणती

शाळेची सहल निघावयाची म्हटली कीं घरांत आदल्या रात्रींपासूनच गडबड सुरू होते. पाण्याची बाटली, टोपी, खाऊचा डबा, पावसाळा नसतांनाहि आजीनें आग्रहानें पिशवींत घातलेली छत्री, अशी एकेक वस्तु गोळा होते. आणि ज्या मुलासाठीं ही सारी यातायात चाललेली असते तें पहाटे चार वाजतांच उठून बसतें. अलीकडे ह्या सामानांत आणखी एकाची भर पडूं लागली आहे. तें सामान म्हणजे स्वतः पालक. एवढ्या मुलांना मोजके शिक्षक पुरे पडत नाहींत, म्हणून कांहीं शाळा सहलीच्या सूचनापत्राखालीं एक ओळ घालतात: ज्या पालकांना सोबत येतां येईल त्यांनीं आपलीं नांवें कळवावींत.

ओळ साधी असते. पण तिच्यांत जें काम दडलेलें असतें त्याची पुरती कल्पना ती लिहिणाऱ्यास नसते आणि वाचून होकार देणाऱ्यास तर मुळींच नसते. तें काम कोणतें, हें कळण्यास एका सहलीची हकीकत पुरेशी आहे.

मुंबईच्या एका शाळेची पांचवीच्या मुलांची सहल कान्हेरीच्या लेण्यांस निघाली होती. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत, प्रवेशद्वारापासून सहा-सात किलोमीटर आंत, काळ्या कातळाच्या डोंगरांत हीं लेणीं आहेत. त्यांची संख्या शंभराहून अधिक आहे. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकाच्या सुमारास तीं खोदण्यास आरंभ झाला आणि पुढें अनेक शतकें तेथें बौद्ध भिक्षूंचा वास राहिला. ह्या सहलींत मुलें ऐंशी, शिक्षक चार आणि पालक आठ होते. दहा मुलांचा एक गट आणि प्रत्येक गटावर एक पालक, अशी वर्गाच्या बाईंनीं योजना केली होती. कागदावर ती अगदीं निर्दोष होती.

सहावा गट ज्या गृहस्थांकडे सोंपविला होता ते एका कचेरींत हिशेबनीस होते. त्यांची मुलगी त्याच वर्गांत शिकत होती. ‘तेवढी ती माझ्या गटांत असूं द्या,’ अशी विनंती त्यांनीं आदल्या दिवशीं केली. बाईंनीं क्षणभर विचार केला आणि संकोचानें होकार दिला. पहिली चूक तेथेंच झाली. पण ती चूक आहे हें त्या वेळीं बाईंखेरीज कोणाच्याहि ध्यानांत आलें नाहीं.

बस पाऊण तास उशिरा आली. खिडकीजवळच्या जागांचे तंटे मिटतात न मिटतात तोंच एका मुलास मळमळूं लागलें, आणि शेजाऱ्यानें त्याला धीर देण्याऐवजीं त्याचेंच अनुकरण केलें. एकीच्या बुटाचा तळ सुटला. तो हिशेबनिसांनीं आपल्या हातरुमालानें बांधून दिला. एकाला पाणी हवें होतें, एकाला घरीं फोन करावयाचा होता, एकाला दर पांच मिनिटांनीं ‘आलें का?’ असें विचारावयाचें होतें. त्या गृहस्थांनीं कोणावरहि आवाज चढविला नाहीं. ज्यानें जें मागितलें तें त्याला मिळालें. मधून मधून ते आपल्या मुलीच्या बाटलीचें झांकण नीट लागलें आहे कीं नाहीं हेंहि पाहत होते, आणि ती मैत्रिणींसमोर ओशाळून खिडकीबाहेर तोंड फिरवीत होती.

कान्हेरीच्या पायऱ्यांशीं माकडें असतात, आणि माणसांच्या हातांतील पिशव्यांत काय असतें ह्याचें ज्ञान त्यांना उत्तम असतें. खाऊ बाहेर काढूं नये, अशी सूचना बाईंनीं तीनदां दिली होती. चौथ्यांदां ती देत असतांनाच एका मुलानें चिवड्याची पुडी फोडली. पुढच्या दोन मिनिटांत काय झालें तें सांगणें कठीण आहे. ऐंशी मुलें ऐंशी दिशांना धांवलीं. कोणी किंचाळलें, कोणी टाळ्या पिटल्या, एका माकडानें एक पिशवी ओढून नेली, आणि आठ गटांची जी सुरेख रचना कागदावर होती ती कातळावर विखुरली.

ह्या धांदलींत हिशेबनिसांची मुलगी पडली व तिचा गुडघा खरचटला. ते खालीं बसून तो धुऊं लागले. एका हातानें गुडघा धुतां धुतां दुसऱ्या हाताच्या बोटानें त्यांनीं भोंवतालचीं मुलें मोजलीं. दहा भरलीं. ‘दहा झाले, चला!’ असें मोठ्यानें म्हणून ते मुलांसह वर निघाले.

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत मोठें चैत्यगृह आहे. त्याच्या ओसरींत दोन्ही अंगांस बुद्धाच्या वीस फुटांहून उंच अशा उभ्या मूर्ति आहेत. हिशेबनिसांनीं मुलीला एका मूर्तीच्या पायाशीं उभें केलें आणि मोबाईलवर तिचीं पांच-सहा छायाचित्रें घेतलीं. इतक्यांत शेजारच्या गटाच्या बाई धांवत आल्या. ह्याहि पालकच, एका मुलाच्या आई. त्यांच्या गटांत एक मुलगा कमी होता. त्या आंकडा मोजीत नव्हत्या. त्यांनीं सकाळींच तळहातावर शाईनें दहा नांवें लिहून घेतलीं होतीं, आणि दर थांब्यावर त्या एकेक नांव घेऊन उत्तराची वाट पाहत. ह्या वेळीं चौथ्या नांवाला उत्तर आलें नव्हतें.

त्यांचा तो मुलगा हिशेबनिसांच्या गटांतच निघाला. माकडांच्या गोंधळांत मित्राचा हात धरून तो इकडे आला होता. सर्वांचा जीव भांड्यांत पडला. ‘सांपडला, सांपडला,’ अशी वर्दी वर शिक्षकांपर्यंत पोंचली आणि शोध संपला. पण त्या बाई जागच्या हलल्या नाहींत. त्या म्हणाल्या, ‘माझा एक तुमच्याकडे होता, म्हणजे तुमच्याकडे अकरा असावयास हवीं होतीं. तुम्ही तर दहाच म्हणतां.’

हिशेबनिसाला ही गोष्ट दुसऱ्यानें सांगावी लागूं नये. वहींत एक रक्कम चुकून अधिक पडली आणि तेवढीच दुसरी गळली, तर बेरीज जुळते. ताळा बरोबर येतो आणि चूक तशीच राहते. कचेरींत अशा चुका पकडण्यांत त्या गृहस्थांचा हातखंडा होता. आतां मात्र त्यांच्या पायांखालची वाळू सरकली.

नाहीं तो कोण? त्यांनीं आपल्या नऊ मुलांकडे पाहिलें. दहावें तोंड कांहीं केल्या डोळ्यांपुढें येईना. खिशांतील यादी काढून त्यांनीं नांवें वाचलीं, तेव्हां एक नांव उरलें. पण त्या नांवाचा मुलगा कसा दिसतो, उंच कीं ठेंगणा, चष्म्याचा कीं बिनचष्म्याचा, हें त्यांना सांगतां येईना. त्यांनीं मोबाईल उघडला. सकाळपासून घेतलेलीं छायाचित्रें एकामागून एक सरकूं लागलीं: मुलगी बसमध्यें, मुलगी पायरीवर, मुलगी मूर्तीशीं. एका छायाचित्राच्या अगदीं कडेला, टोपी पुढें ओढलेला आणि अर्धाच दिसणारा एक मुलगा होता. ‘हाच तो,’ असें त्यांच्या मुलीनें सांगितलें.

कान्हेरीच्या लेण्यांजवळ जागोजाग कातळांत खोदलेलीं पाण्याचीं टांकीं आहेत. पावसाचें पाणी डोंगरावरून चरांनीं आणून तें उन्हाळ्यापर्यंत पुरविण्याची ती जुनी युक्ति पाहून जाणत्यांस कौतुक वाटतें. हरवलेलें मूल शोधणाऱ्याच्या पोटांत मात्र तीं पाहून गोळा येतो. वाटेंत लागलेल्या प्रत्येक टांक्यांत वांकून पाहत ते गृहस्थ खालीं उतरले.

ती भीति वावगी नव्हती. १८ जानेवारी २०२४ रोजीं बडोद्याच्या हरणी तलावांत सहलीस आलेल्या शाळकरी मुलांची नाव उलटली आणि १२ मुलें व २ शिक्षिका प्राणांस मुकल्या. नावेंत तिला पेलतील त्याहून अधिक माणसें चढविलीं होतीं. सहलीवरचे अनर्थ आकाशांतून कोसळत नाहींत. ‘आतां पुरे, थांबा, मोजा’ असें म्हणावयास त्या क्षणीं कोणी नसतें, इतकेंच.

मुलगा सांपडला. पहिल्या पायऱ्यांजवळ, पहारेकऱ्याच्या शेजारीं, गुडघ्यांना मिठी मारून तो बसला होता. माकडानें नेलेली पिशवी त्याचीच होती. ती उचलावयास तो चार पायऱ्या खालीं गेला होता. चुकलास तर जागा सोडूं नकोस, असें त्याला घरून सांगितलेलें होतें, म्हणून त्यानें जागा सोडली नव्हती. वीस-पंचवीस मिनिटें गेलीं असतील. तो रडलाहि नव्हता. हिशेबनिसांनीं त्याला जवळ घेऊन विचारलें, ‘अरे, मग हांक कां मारली नाहींस?’ तो म्हणाला, ‘काका, तुम्ही दहा झाले म्हणालांत. मला वाटलें, माझ्या जागीं दुसरा कोणी घेतला.’

त्या मुलाचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. त्या गृहस्थांना मात्र तें आतां विसरतां येणार नाहीं.

हे गृहस्थ बेफिकीर होते, असें कोणी म्हणूं नये. रडणाऱ्याचे डोळे त्यांनीं पुसले होते, बूट घेऊन आलेल्या मुलीचा बूट बांधला होता. जें मूल कांहीं मागत होतें त्याच्याकडे त्यांचें लक्ष होतें, आणि जें त्यांचें स्वतःचें होतें त्याच्याकडे तर होतेंच होतें. जो कांहीं मागत नव्हता आणि त्यांचाहि नव्हता, तो तेवढा राहून गेला. प्रत्येक वर्गांत असें एखादें मूल असतें. तें खोड्या करीत नाहीं, तक्रार करीत नाहीं, रांगेंत शेवटीं चालतें. घरचीं माणसें त्याला ‘गुणी’ म्हणतात आणि गर्दीत सर्वांना त्याचाच विसर पडतो. सहलींत सोबत जाणाऱ्या पालकाचें खरें काम ह्याच मुलाशीं असतें. गोंगाट करणारीं मुलें आपली आठवण आपणच करून देतात.

दुपारीं डबे उघडण्यापूर्वीं बाईंनीं सर्व मुलांना सांवलींत बसविलें आणि कान्हेरीच्या एका शिलालेखाची गोष्ट सांगितली. कल्याणच्या सामिदत्त नांवाच्या एका सोनारानें येथें पाण्याचें टांकें खोदवून दिलें आणि तसा लेख कातळावर कोरविला. टांक्यास त्या काळच्या प्राकृतांत पोढी म्हणत. तो सोनार राजा नव्हता, सेनापति नव्हता. पण दान देणारे इतके इतके जण होते, असा नुसता आंकडा कोरून त्या काळच्या लोकांनीं काम भागविलें नाहीं. नांव, गांव आणि धंदा लिहून ठेवला, म्हणून सुमारें अठराशें वर्षांनंतरहि तो माणूस ओळखतां येतो. मुलांनीं ही गोष्ट खाऊच्या घांसाबरोबर ऐकली. हिशेबनिसांचा डबा मात्र बराच वेळ उघडा राहिला.

परत निघतांना बसच्या दाराशीं ते यादी घेऊन उभे राहिले. ह्या खेपेस त्यांनीं बोटानें मोजलें नाहीं. एकेक नांव उच्चारलें, ज्याचें नांव त्याच्याकडे पाहिलें, आणि ‘हजर’ असें ऐकल्यावरच पुढचें नांव घेतलें. मागें हॉर्न वाजत होते. त्यांनीं घाई केली नाहीं. बस सुरू झाल्यावर त्यांची मुलगी हळूच म्हणाली, ‘बाबा, तो रोजच शेवटीं चालतो. मला विचारलें असतें तर मीं सांगितलें असतें.’

शाळांना आणि घरांना ह्यावरून चार गोष्टी शिकतां येतील. पालकाच्या गटांत त्याचें स्वतःचें मूल घालूं नये. त्यांत मुलाचें हित आहे, पालकाचें आहे आणि इतर नऊ मुलांचें तर आहेच आहे. मोजणी आंकड्यानें न करतां नांवानें करावी, आणि ती निघतांना, थांबतांना व गाडींत चढतांना, दर वेळीं करावी. मुलांच्या जोड्या लावून द्याव्या, म्हणजे आपला जोडीदार कोठें आहे हें प्रत्येकाला ठाऊक राहतें. मोठ्यांच्या नजरेंतून जें सुटतें तें पुष्कळदां मुलांच्या नजरेंतून सुटत नाहीं. आणि रांगेच्या अगदीं शेवटीं एक मोठें माणूस चालत असावें. पुढें चालणाऱ्याला वाट दिसते. मुलें दिसतात तीं मागें चालणाऱ्याला.

एवढा त्रास असेल तर जावेंच कशाला, असें कोणी विचारील. अवश्य जावें. घरीं बसून आपल्या मुलावर माया करणें कोणासहि जमतें. दुसऱ्याचें मूल एका दिवसापुरतें आपल्या हातीं येतें, तेव्हां त्याच्या आईबापांनीं काय सोंपविलें आहे तें कळतें. सहाव्या गटाच्या त्या गृहस्थांनीं पुढील वर्षींहि शाळेच्या पत्राला होकार कळविला. खालीं एवढेंच लिहिलें होतें: मुलगी दुसऱ्या गटांत असावी, आणि आपल्याला रांगेच्या शेवटीं ठेवावें.