ग्रहण आणि सूर्याचा किरीट



आज ग्रहणाविषयी चार शब्द बोलावयाचे आम्ही ठरविले आहे. बारामती-इंदापूरच्या खेड्यांत ग्रहण लागले की आजही कित्येक घरांची दारे बंद होतात. गरोदर बाईला भाजी चिरू देत नाहीत. पूर्वी तर गावकुसाबाहेरची आपली माणसे 'दे दान, सुटे गिराण' अशी हाळी देत दारोदार फिरत. बाबासाहेबांच्या शिकवणुकीने आपण ती झोळी खाली ठेवली. परंतु मनातली भीती गेली आहे काय?

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली विजयदुर्गाकडून ईशान्येस सरकत आली. इंदापूर त्याच पट्ट्यात होते. भिगवणहून रेल्वेने सोलापूरकडे निघाले की जेऊर स्टेशन लागते. तेथे पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी नायगमवाला दुर्बिणी लावून सज्ज होते. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल ४० फूट लांबीचा कॅमेरा घेऊन समुद्रापलीकडून तेथेच आले होते. वऱ्हाडात तळणी येथे ॲनी माँडर या विदुषीने ग्रहणाची छायाचित्रे घेतली. हे सारे सुमारे दोन मिनिटांच्या अंधारासाठी!

त्या अंधारात असे काय दिसते? सूर्याभोवती मोत्यासारखा पांढरा किरीट दिसतो. हे सूर्याचे विरळ, बाहेरचे वातावरण होय. त्याचा प्रकाश सूर्यबिंबाच्या सुमारे दहा लाखांश असल्याने एरवी तो झाकून जातो. चंद्राने बिंब पूर्ण झाकले म्हणजेच तो प्रकटतो. १८६९ च्या ग्रहणात त्याच्या प्रकाशात एक अनोळखी हिरवी रेषा आढळली. शास्त्रज्ञांना वाटले, हे नवे मूलद्रव्य असावे. पुढे सुमारे ७० वर्षांनी कळले की ते अतितप्त लोखंड आहे. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५५०० अंश सेल्सिअस, तर किरीट दहा लाख अंशांहून अधिक तप्त! असे का, याचे पूर्ण उत्तर आजही मिळालेले नाही. त्याच शोधासाठी भारताने २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य-एल१ यान सोडले. त्यातील एक उपकरण सूर्यबिंब झाकून, ग्रहण नसतानाही किरीट पाहते.

मित्रहो, त्या दिवशी सावली सर्वांवर सारखीच पडली. कोणी दार लावले, कोणी झोळी पसरली, कोणी मोजमाप केले. ज्ञान मिळाले ते मोजणाऱ्यांना. आपल्या पूर्वजांना दुर्बीण कोणी हाती दिली नाही; आपल्या मुलांच्या हाती ती आपण दिली पाहिजे.

मात्र धिटाई म्हणजे अविचार नव्हे. खंडग्रास ग्रहण उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नये, खात्रीचा सौर चष्मा वापरावा. काळी काच किंवा एक्स-रे फिल्म चालत नाही. बिंब पूर्ण झाकले असेल तेवढ्याच क्षणी किरीट उघड्या डोळ्यांनी पाहता येतो. २० मार्च २०३४ रोजी खग्रास ग्रहणाची सावली कारगिलकडून जाणार आहे. आपल्यापैकी एखादा विद्यार्थी, एखादी विद्यार्थिनी त्या दिवशी तेथे वही-पेन्सिल घेऊन उभी असावी, एवढीच आमची इच्छा आहे.

जयभीम!