रूझवेल्टला किती गुण?



आज पदवी घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांचं अभिनंदन. पदकं मिळवणाऱ्यांचं विशेष अभिनंदन, आणि ज्यांनी तुमची फी भरली त्या आईवडिलांचंही.

मी तालुक्याच्या गावात आधुनिक जगाचा इतिहास शिकवला. आमच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असे : ‘महामंदी व दुसरे महायुद्ध या काळातील फ्रँकलिन रूझवेल्टच्या नेतृत्वाचे मूल्यमापन करा.’ पंधरा गुण. सोबत तपासनिसांसाठी आदर्श उत्तर यायचं. त्यात आठ मुद्दे, आणि शेवटी ‘अशा प्रकारे तो एक महान नेता ठरतो’ हे वाक्य. एका वर्षी कॅपला, म्हणजे उत्तरपत्रिका तपासण्याच्या केंद्रावर, माझ्या गठ्ठ्यात एक उत्तरपत्रिका आली. त्या विद्यार्थ्यानं बँका, रोजगार, युद्ध हे सगळं नीट लिहिलं होतं आणि पुढे १९ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशावर पानभर मजकूर होता. ‘महान’ हा शब्द त्यानं कुठेच वापरला नव्हता. मी तेरा गुण दिले. मॉडरेटरनी ते सात केले आणि लाल शाईत शेरा मारला : ‘मुद्द्यांत नाही.’ मी लेखी हरकत घेतली. त्या पत्राला आजतागायत उत्तर नाही, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

काय होतं त्या पानावर? कार्यकारी आदेश क्रमांक ९०६६. जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर अडीच महिन्यांनी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष म्हणून रूझवेल्टनं त्यावर सही केली. त्या आदेशाच्या आधारे पॅसिफिक किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरं, शेतं, दुकानं सोडायला लावून काटेरी तारांच्या छावण्यांत नेलं. त्यांतले दोन तृतीयांश जन्मानं अमेरिकी नागरिक होते. कुणावर खटला नाही, कुणावर आरोपपत्र नाही. त्याचा स्वतःचा अॅटर्नी जनरल फ्रान्सिस बिडल याचा विरोध होता. आणि हवाईत, म्हणजे हल्ला जिथे झाला तिथेच, जपानी वंशाचे लोक एकूण वस्तीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त असूनही, असं सरसकट स्थलांतर झालं नाही. मग लष्करी गरज म्हणून जी सांगितली गेली ती कुठे उरली? १९४४ साली कोरेमात्सु खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सरकारची बाजू उचलून धरली. १९८८ साली अमेरिकी काँग्रेसनं कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले. हे सगळं त्या विद्यार्थ्याच्या पानावर होतं. हे ‘मुद्द्यांत नाही’!

मी रूझवेल्टचा निंदक नाही. त्याचा पहिला आठवडा शिकवताना दर वर्षी माझा आवाज चढायचा. ४ मार्च १९३३ ला त्यानं शपथ घेतली तेव्हा चारातल्या एका कामगाराला काम नव्हतं आणि बहुतेक राज्यांत बँका बंद होत्या, नाहीतर पैसे काढण्यावर मर्यादा होती. ६ तारखेपासून त्यानं देशभरातल्या बँकांना सुटी दिली. ९ तारखेला एका दिवसात बँकांबाबतचा कायदा झाला. त्या कायद्याच्या तयारीत आधीचा राष्ट्राध्यक्ष हूवर याच्या वेळचे अर्थखात्यातले अधिकारी रात्रंदिवस बसले होते, हे आदर्श उत्तरात कधी नसायचं. रविवारी, १२ तारखेला रात्री, रूझवेल्ट रेडिओवर पंधराएक मिनिटं बोलला. तुम्ही बँकेत ठेवलेला पैसा तिजोरीत पडून राहत नाही, तो कर्जाऊ दिला जातो, म्हणून सगळ्यांनी एकदम मागितला तर कुठलीच बँक देऊ शकत नाही, हे त्यानं लोकांना समजावून सांगितलं. सोमवारी बँका उघडायला लागल्या तेव्हा लोक रांगेत उभे होते ते पैसे परत भरायला.

आमच्या गावातली एक पतसंस्था बुडाली तेव्हाची गोष्ट सांगतो. शटर अर्धं खाली, बाहेर पासबुकं घेऊन म्हातारी माणसं, निवृत्त शिक्षक, भाजीवाल्या. संचालकांपैकी एकही समोर आला नाही. त्या आठवड्यात मी वर्गात १२ मार्चच्या भाषणाचा मजकूर मराठीत करून वाचला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, ‘सर, आपल्याकडे असं येऊन कुणी का नाही सांगितलं?’ त्याच्या आजीचे पैसे त्या पतसंस्थेत होते. नेतृत्वाची इतकी चांगली कसोटी मला कुठल्या संदर्भग्रंथात सापडली नाही.

पण त्याच रूझवेल्टनं १९३७ साली खर्चाला कात्री लावली आणि बेकारी पुन्हा वाढली. सामाजिक सुरक्षा कायदा १९३५ चा. त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले, म्हणजे काळ्या कामगारांतले बहुतेक बाहेर राहिले. बेकारीचे आकडेही एकाच तोंडानं बोलत नाहीत. १९३६ साली बेकारी सुमारे १७ टक्के होती असं एक गणित सांगतं, तर दुसऱ्या गणितानं सुमारे १०. सरकारी रोजगार योजनेवर रस्ते आणि शाळा बांधणारा माणूस पहिल्यानं बेकार धरला, दुसऱ्यानं कामाला लागलेला धरला. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेल्या बाईला विचारा, ती त्या दिवसांत बेकार होती का.

मुंबईला न्यू मरिन लाइन्सवर अमेरिकन सेंटरचं ग्रंथालय होतं. रजा टाकून मी तिथे जाऊन बसत असे, कारण आमच्या महाविद्यालयात इतिहासाची पुस्तकं कुलपाच्या कपाटात आणि किल्ली साहेबांकडे. तिथे अमेरिकी परराष्ट्र खात्यानं छापलेले कागदपत्रांचे जाड खंड होते. त्यात १९४४ चा एक पत्रव्यवहार आहे. आदल्या वर्षीच्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसं मेली होती. १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोट होऊन हजारो टन धान्य जळालं. महिनाअखेरीस चर्चिलनं रूझवेल्टला विनंती केली की ऑस्ट्रेलियातला गहू हिंदुस्थानात न्यायला अमेरिकी जहाजं द्यावीत. १ जूनला रूझवेल्टनं कळवलं की लष्करी गरजांमुळे जहाजं वळवता येत नाहीत. पाच दिवसांनी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्या. ते उत्तर वाचून मी खंड मिटला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. ज्या मोहिमेनं हिटलरचा शेवट जवळ आणला तिच्यासाठीही जहाजं लागत होती, हे मला ठाऊक होतं. दोन्ही खरं आहे, आणि एकानं दुसरं फिटत नाही.

मला तुम्हाला एकच गोष्ट निक्षून सांगायची आहे. नेत्याची वही वाचताना एका खात्यावरची जमा दुसऱ्या खात्याच्या नावे वळती करू नका. बँका वाचवल्या हे खातं वेगळं, छावण्या हे खातं वेगळं, गव्हाची जहाजं हे आणखी वेगळं. प्रत्येक निर्णयाशी थांबून विचारा : त्या दिवशी त्याला काय माहीत होतं, नको म्हणणारं कोण होतं, आणि किंमत कुणी मोजली? १९४८ साली इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांनी इतर इतिहासकारांना राष्ट्राध्यक्षांची प्रतवारी लावायला सांगितली; लिंकन, वॉशिंग्टन आणि मग रूझवेल्ट. तेव्हापासून हा खेळ चालू आहे. अशा याद्या वाचून विद्यार्थ्याला वाटतं की निकाल लागला. छावण्यांची माफी मागायला ४६ वर्षं लागली, त्यामागे ‘एवढ्या मोठ्या माणसाबद्दल कशाला बोलायचं’ हा संकोच नव्हता असं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. आणि नेता एकटा काही करतो, हेही मानू नका. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत वर्णभेदाला बंदी करणारा जून १९४१ चा आदेश रूझवेल्टच्या सहीचा आहे, पण तो निघाला काळ्या कामगारांचे पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा आणण्याचा इशारा दिला म्हणून. रँडॉल्फ यांचं नाव आमच्या आदर्श उत्तरात नव्हतं.

हाच इतिहास तुमच्यातले काही जण उद्या तासिका तत्त्वावर शिकवायला लागतील. महिनोन्‌महिने मानधन येणार नाही, आणि तरी जास्तीच्या तासांसाठी तुम्हालाच बोलावतील. माझे किती तरी हुशार विद्यार्थी याच वाटेवर चाळिशीला आले. त्यांतल्या दोघांनी इतिहास सोडून विम्याचं काम धरलं. या व्यवस्थेबद्दल माझ्याजवळ मवाळ शब्द नाहीत.

कुलगुरू महोदय, व्यासपीठावर बोलावलंत म्हणून दोन मागण्या इथेच मांडतो. इतिहासाच्या उत्तरपत्रिकांसोबत आदर्श उत्तर पाठवणं बंद करावं, आणि पाठवायचंच असेल तर त्यावर ‘याबाहेरचा साधार मुद्दा ग्राह्य धरावा’ असं छापावं. दुसरं, तासिकेवरच्या शिक्षकांना विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं पूर्ण सभासदत्व द्यावं, पुस्तकं घरी नेण्याच्या सोयीसह. दोन्ही मागण्या लेखी आणल्या आहेत. कार्यक्रम संपल्यावर कुलसचिवांकडे देऊन पोच घेतो.