दातांमागची तार

श्रोतेहो, मी आत्ता तुमच्याशी बोलतो आहे, पण तुम्हाला माझे दात दिसत नाहीत. रेडिओची हीच गंमत आहे. बोलणारा काळा की गोरा, टकल्या की केसाळ, काही कळत नाही. त्याच्या तोंडात सुपारी असली तर मात्र लगेच कळतं. आज अशाच एका वस्तूबद्दल बोलायचं आहे. ती दिसू नये म्हणून माणसं जास्तीचे पैसे मोजतात, आणि ती ऐकू मात्र येते. दात सरळ करण्यासाठी दातांच्या मागून बसवायची तार.

पुढून लावलेल्या तारा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. आठवी-नववीतली मुलं हसली की दिसतात. प्रत्येक दातावर धातूचा एक चिमुकला तुकडा चिकटवलेला असतो. त्याला ब्रॅकेट म्हणतात. या सगळ्या ब्रॅकेटांच्या खाचांतून एक तार ओवलेली असते. हीच मांडणी दातांच्या आतल्या, म्हणजे जिभेकडच्या बाजूने करता येते. समोरच्याला काही दिसत नाही.

मला ती पन्नाशी उलटल्यावर लागली. हिरड्यांतून रक्त यायचं, मी दुर्लक्ष करत राहिलो. मग वरच्या पुढच्या दोन दातांत फट पडली आणि डावीकडचा दात बाहेर येऊन जरा फिरला. एकदा आलेला दात जागचा हलत नाही, अशी माझी समजूत होती. पण हिरडीच्या आजारात दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं आणि चांगले रांगेतले दात सरकू लागतात. आमच्या डॉक्टरीणबाईंनी आधी सहा महिने नुसत्या हिरड्यांवरच उपचार केले. आजार आटोक्यात आल्याशिवाय तारेचं नाव काढायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. कुणी पन्नाशीनंतर दात सरळ करायला निघाला असेल, तर त्याने एवढं लक्षात ठेवावं.

मग निवड करायची वेळ आली. पुढून धातूची तार, पुढूनच पण दाताच्या रंगाची, काढता-घालता येणारे पारदर्शक साचे, नाहीतर मागून तार. साच्यांचा प्रकार आता बराच रुळला आहे, पण ते दिवसाचे वीस-बावीस तास तोंडात ठेवावे लागतात. मी ते काढून खिशात ठेवीन आणि विसरेन, हे बाईंनी माझ्याकडे नुसतं बघून ओळखलं. मागच्या तारेचा खर्च त्यांनी साध्या तारेच्या जवळजवळ तिप्पट सांगितला. तरी मी म्हटलं, मागूनच लावा. कवीसंमेलनात उभं राहायचं आणि पहिल्या ओळीलाच तोंडात धातू चमकायचा, हे मला सोसवणारं नव्हतं. हौस म्हणा, लाज म्हणा. या वयात दोन्हींत फारसा फरक राहत नाही.

या तारेचा जन्म साधारण एकाच काळात दोन ठिकाणी झाला, आणि दोन्हीकडची कारणं वेगळी होती. जपानमध्ये कानागावा दंत महाविद्यालयातले किन्या फुजिता यांच्यापुढे ज्युदो-कराटेसारखे खेळ खेळणारे रुग्ण होते. तोंडावर ठोसा बसला की ओठ आतून तारेवर फाटायचा. म्हणून त्यांनी तार दातांमागे नेली आणि १९७९ साली हे काम अमेरिकेतल्या दंतशास्त्राच्या नियतकालिकात मांडलं. त्याच दशकात कॅलिफोर्नियात, बेव्हर्ली हिल्समध्ये, क्रेव्हन कुर्झ हेही त्याच खटपटीत होते. त्यांच्याकडे येणाऱ्यांचं पोट चेहऱ्यावर चालायचं. त्यांना तार लपवायची होती. एकाने ओठ वाचवण्यासाठी केलं, दुसऱ्याने ओठांमागचं लपवण्यासाठी. शहनाई किंवा तुतारी वाजवणाऱ्याला लागली तर ती फुजितांची तार म्हणायची. माझी सरळ सरळ कुर्झ यांची.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तिचा फार गाजावाजा झाला आणि तेवढ्याच वेगाने तो ओसरला. कारण काम अवघड. दाताची पुढची बाजू बहुतेकांची सारखी असते, मागची मात्र ज्याची त्याची. कुठे खोलगट, कुठे उंचवटा. सुळ्यामागून दाढांकडे जाताना दाताची जाडी एकदम वाढते, तिथे तारेला आत वळावं लागतं. वरून पाहिलं तर तिचा आकार अळंबीसारखा दिसतो आणि फुजितांनी तिला तेच नाव दिलं. शिवाय डॉक्टरला सगळं आरशात बघून करायचं, रुग्णाने मान मागे टाकून पडून राहायचं. पुढे जर्मनीत डिर्क वीखमान यांनी प्रत्येक रुग्णाच्या दातांचा संगणकावर नकाशा घेऊन त्या त्या दातापुरता ब्रॅकेट सोन्याच्या मिश्रधातूत ओतायची आणि तार यंत्रमानवाकडून वाकवून घ्यायची पद्धत आणली, तेव्हा कुठे हा प्रकार पुन्हा उभा राहिला.

दात सरकतो कसा, हे मला सगळ्यात नवलाचं वाटलं. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा. तारेचा हलका दाब सतत राहिला की ज्या बाजूला दात रेटला जातो तिकडचं हाड हळूहळू विरघळतं आणि त्याने सोडलेल्या बाजूला नवं हाड भरतं. महिन्याला फार तर एखादा मिलिमीटर. घाईने जोर लावला तर तिथला रक्तपुरवठाच दबतो आणि दात अडून बसतो. माझ्या एकवीस महिन्यांत बाईंना मी निदान दहा वेळा विचारलं असेल, की जरा आवळता येणार नाही का? त्या दहाही वेळा नाही म्हणाल्या.

आता त्रासाचं सांगतो. पहिल्या आठवड्यात जीभ सोलवटून निघाली. बाईंनी मेणाची डबी दिली होती. टोचणाऱ्या ब्रॅकेटवर मेणाची गोळी दाबून बसवायची आणि झोपायचं. खालचे दात वरच्या ब्रॅकेटवर टेकायचे, त्यामुळे दाढा एकमेकींना भेटतच नव्हत्या. भाकरी कालवणात भिजवून मऊ केली तर गिळायची, नाहीतर खिचडी. हे सगळं चालून गेलं. बोलणं मात्र चालेना.

मला वाचायला दिलेल्या इंग्रजी माहितीपत्रकात धोका मुख्यतः ‘स’चा सांगितला होता. इंग्रजांचं ठीक आहे. त्यांचा टी आणि डी दातांच्या वर, हिरडीच्या उंचवट्यावर उच्चारला जातो. आपले त, थ, द, ध थेट दातांवर. आपल्या वैयाकरणांनी त्यांना दंत्य म्हटलं ते उगाच नाही. शिवाय मराठीत च, ज, झ दोन तऱ्हेचे. चिमणीचा च टाळूकडे जातो, पण चाक, चोर, जाळं, झाड म्हणताना जीभ पुढे दातांपाशी येते. आणि तिथे तर आता तारेचं कुंपण. मराठी किती प्रमाणात दातांवर उभी आहे, हे मला तीस वर्षं कविता लिहून कळलं नव्हतं. जातो, येतो, करतो, बोलतो. वर्तमानकाळ तशिवाय हलत नाही. होतो म्हणता येईना आणि नाही म्हणता येईना.

बाराव्या दिवशी एका गावी कविता वाचायच्या होत्या. माझ्या गझलेचा रदीफ नेमका ‘होते’. पाच शेरांत सहा वेळा तो ‘ते’ घरंगळला. खाली उतरलो तर संयोजक आपुलकीने कानात म्हणाले, “सर, पान जरा थुंकून वाचलं असतं तर बरं झालं असतं.”

ते हसण्यावारी गेलं. पण त्याआधीची, तार लागल्याच्या तिसऱ्या दिवशीची गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. आमची अम्मी गावी धाकट्या भावाकडे असते. काचबिंदूने तिची नजर गेली आहे. रात्री तिचा फोन आला. मी चार वाक्यं बोललो असेन, तेवढ्यात तिने विचारलं, “तेरी जबान भारी क्यूं लगती रे?” मी म्हटलं, काही नाही, तोंडात घास आहे. तारेचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पन्नाशीनंतर दात सरळ करून घेतो आहे, हे आईला कसं सांगणार!

दोन तासांनी दार वाजलं. भाऊ मोटारसायकलवरून तीस किलोमीटर आला होता, केसांत धूळ, डोळे लाल. आत पाऊलही न टाकता म्हणाला, “भाई, दोन्ही हात वर करा.” मी केले. “आता हसून दाखवा.” अर्धांगाचा झटका आलेला माणूस ओळखायची ही तपासणी त्याला ठाऊक होती. आमच्या अब्बांना झटका आला तेव्हा सगळ्यात आधी त्यांची जीभच जड झाली होती, आणि ते अम्मीने ऐकलं होतं. तोंडात घास असेल म्हणून आम्ही बाकीच्यांनी ते सोडून दिलं होतं. तिला मी तेच कारण सांगितलं होतं.

मी हसून दाखवलं. तोंड वाकडं नव्हतं. तारही दिसली नाही, कारण दिसू नये म्हणूनच तर ती तिथे होती. शेवटी विजेरी आणून तोंड उघडून दाखवावं लागलं. तो मटकन खुर्चीत बसला आणि तिथूनच त्याने अम्मीला फोन लावला. ती दखनीत जे म्हणाली ते मराठीत असं, “जगापासून लपव. मला कुठे दिसणार होतं, की माझ्यापासूनही लपवलंस?”

बाईंनी सांगितलं होतं, रोज अर्धा तास मोठ्याने वाचा, जीभ आपली वाट शोधते. दुसऱ्या दिवसापासून मी अम्मीला फोनवर वर्तमानपत्र वाचून दाखवू लागलो. ती चुका काढायची. लहानपणी अरबी अक्षरं मला तिनेच शिकवली होती. त्यात ‘सा’ नावाचं एक अक्षर आहे, जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला लावून म्हणायचं. ‘सीन’ म्हणजे आपला साधा स. मुलांना ‘सा’ जमत नाही, ती सगळीकडे ‘सीन’च म्हणतात. माझं आता उलटं झालं होतं. ‘सा’ न मागता यायचा आणि ‘सीन’ हरवला होता. तिने मला पुन्हा लहान मुलासारखं एकेका अक्षरावर थांबवलं. तिसऱ्या आठवड्यात त आला, मग द. स यायला महिना गेला. चाक आणि चोर सगळ्यात शेवटी आले, पण त्यांत अम्मीचा उपयोग नव्हता. तिचे ते आधीपासूनच आपले, दखनी वळणाचे आहेत.

एकवीस महिन्यांनी ब्रॅकेट निघाले. फट गेली होती, दात वळला होता. सरकलेले दात पुन्हा जुन्या जागी जायला बघतात, म्हणून वरच्या सहा दातांमागे एक बारीक सपाट तार कायमची चिकटवून ठेवली आहे. ती जिभेला जेमतेम कळते. घरी आलो, आरशात हसून पाहिलं, बायकोला हसून दाखवलं. रात्री नेहमीच्या वेळी फोन लावला आणि अग्रलेख वाचायला घेतला. दुसऱ्याच वाक्याला अम्मीने थांबवलं. एवढे महिने कुंपणाला धरून चालायला शिकलेली जीभ मोकळ्या जागेत पुन्हा अडखळत होती. ती म्हणाली, “आज काय काढून आलास तोंडातलं? स मध्ये हवा फार जाते आहे. पहिल्यापासून वाच.”