मुलांचे जुनाट दुखणे : व्यायामाला मानसोपचाराची जोड



दहावीतल्या मुलाची पाठ चार महिने दुखते आहे. एक्स-रेत काही नाही, रक्ताच्या तपासणीत काही नाही. मग घरातील कोणीतरी म्हणते, "परीक्षा जवळ आली, म्हणून नाटके चालली आहेत." हे वाक्य आपल्या फुलपाड्यातही ऐकू येते, म्हणून आज आम्ही हा विषय घेतला आहे.

पहिली गोष्ट ही की, दुखणे खरे असते. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्‌भवणाऱ्या वेदनेला जुनाट वेदना म्हणतात. शरीरात मोठी इजा नसतानाही मज्जासंस्था धोक्याचा इशारा देत राहू शकते. दुखते म्हणून मूल पडून राहते, पडून राहिल्याने स्नायू दुबळे होतात, आणि मग थोडे हलले तरी जास्त दुखते. त्यातून हालचालीची भीती बसते. शाळा बुडते, मित्र तुटतात, झोप उडते.

अशा मुलाला नुसते "व्यायाम कर" म्हटले तर भीतीपोटी तो चार दिवसांत सोडतो. मग नुसती समजूत घालून भागेल का? अमेरिकेतील सिनसिनाटी येथील बाल-मानसशास्त्रज्ञ डॉ. सुस्मिता काशीकर-झुक यांनी याचा अभ्यास केला आहे. अंगभर दुखण्याच्या फायब्रोमायल्जिया या विकाराच्या 114 मुलामुलींवरील त्यांचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराने मुलांची रोजची कामे सुधारली. पण वेदना फारशी हटली नाही आणि मुले अधिक हालचाल करू लागली असेही दिसले नाही. म्हणून त्यांनी या उपचाराला तोल, ताकद आणि योग्य हालचाल शिकवणाऱ्या व्यायामाची जोड दिली. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या 40 मुलांच्या प्रयोगात, नुसत्या मानसोपचारापेक्षा या जोड-उपचाराने वेदना अधिक कमी झाली. प्रयोग लहान होता, परंतु दिशा स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2020 साली मुलांच्या जुनाट वेदनेसाठी शारीरिक उपचार आणि मानसोपचार या दोहोंची शिफारस केली.

आता आपण काय करावे? प्रथम डॉक्टरांकडून तपासणी. ताप, सांध्यांची सूज, घटणारे वजन, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, हातापायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा, यांपैकी काही असेल तर थांबू नये. गंभीर आजार नाही असे ठरल्यावर फिजिओथेरपिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ या दोघांचा सल्ला घ्यावा. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे. शासनाच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

विद्यार्थी मित्रांनो, दुखणे पूर्ण थांबल्यावर चालू लागू, असे म्हणू नका. दहा मिनिटे झेपत असतील तर दहाच मिनिटे पापडखिंडीच्या रस्त्याने चाला, पण रोज. बरे वाटले म्हणून एकदम तास नको आणि दुखले म्हणून सुट्टीही नको. आठवड्याला थोडे थोडे वाढवा. वेदना वाढली की "माझी पाठ कायमची गेली" हा विचार येतो. तो वहीत लिहा, आणि तो कितपत खरा आहे हे तपासा. सावकाश श्वास घेत अंग सैल सोडायला शिका.

पालकांना आमची विनंती आहे की, "दुखतंय का?" असे तासातासाला विचारू नका, "आज काय काय केलंस?" असे विचारा. शिक्षकांनी काही दिवस अर्धा वेळ शाळा चालवून घ्यावी. मूल पुन्हा वर्गात बसले, मैदानावर आले, तर वेदना थोडी शिल्लक असली तरी निम्मी लढाई जिंकली असे समजावे.

आणि त्याची सुरुवात एका वाक्याने होते : "बाळ, तुला दुखतंय, यावर आमचा विश्वास आहे."

जय भीम!